चवळीची शेंग इंग्रजीत कशी न्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आजीने वहीत लिहून ठेवलेल्या आठवणी मी इंग्रजीत करतेय, कारण अमेरिकेत वाढलेल्या माझ्या भाच्यांना मराठी वाचता येत नाही. पहिल्या चार पानांतच अडले. आजी लग्नाच्या वेळची ‘चवळीची शेंग’, थोरले काका ‘आडव्या अंगाचे’, मावशी ‘खात्यापित्या घरची’, आत्येभाऊ ‘किडकिडीत पण काटक’. शब्दकोशात बारीकसाठी आठ आणि जाडसाठी दहा इंग्रजी शब्द सापडले. आजीला ‘स्ट्रिंग बीन’ केलं तर भाची खो खो हसली. पुढे काका टायफॉइडमधून उठतात तेव्हा आजी लिहिते, ‘खुंटीवरचा सदरा काढून तसाच उभा केल्यासारखे दिसत.’ तिथे ‘गॉन्ट’ चालेल का? नेमका शब्द निवडायचा कसा?’

भाची हसली ते बरोबरच. स्ट्रिंग बीन म्हणजे घेवड्याची शेंग हे खरं, पण इंग्रजीत माणसाला तसं म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो एका वर्षात ताडमाड वाढलेला, हातपाय कुठे ठेवावेत हे न कळणारा पोरगा. बीनपोलही तसाच: घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवलेली काठी. दोन्हींत थट्टा आहे. आपली चवळीची शेंग कौतुकाची, कोवळी आणि लवलवती. भाजीच्या एकाच टोपलीतून इकडे नवरी निघते आणि तिकडे लंबूटांग.

मी पंचवीसेक वर्षं भाषांतरं करते. कोर्टाचे कागद, दवाखान्याचे कागद, लग्नाचे बायोडेटा आणि वेळ मिळेल तशा कथा. बांध्याच्या शब्दांनी मला जितकं फसवलं तितकं कायद्याच्या शब्दांनी नाही. कायद्याचा शब्द अडला की आपण चार जणांना विचारतो. थिन आणि फॅट शाळेत शिकलेले, त्यांना काय विचारायचं!

माझी पहिली फजिती हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीत झाली. ‘रंग सावळा, चेहरा उभट, बांधा मजबूत’ हा आपला ठरलेला साचा. मी ‘बांधा मजबूत’चं ‘स्टाउट’ केलं. शब्दकोशात स्टाउटसमोर पहिला अर्थ मजबूत असाच होता. तपासणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘हरवलेला माणूस ढेरपोट्या होता का गं?’ होता तो माथाडी कामगार.

स्टाउटची गंमत अशी की शब्दकोश खोटं बोलत नव्हता. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ गर्विष्ठ, शूर, दमदार असा होता. स्टाउट हार्ट म्हणजे आजही खंबीर मन आणि स्टाउट स्टिक म्हणजे दणकट काठी. स्टाउट नावाची काळी बिअरसुद्धा मुळात ‘कडक बिअर’ म्हणूनच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजांनी लठ्ठ माणसाला तोंडावर लठ्ठ म्हणायला नको म्हणून हाच शब्द वापरायला घेतला. आपण नाही का जाड बाईला ‘अंगाने जरा भरलेल्या’ म्हणत, तसं. वापरून वापरून आडोसाच अर्थ होऊन बसला. आज काठी स्टाउट असेल तर मजबूत, माणूस स्टाउट असेल तर लठ्ठ. जाहिरातीत हवं होतं ‘वेल बिल्ट’ किंवा ‘स्ट्राँगली बिल्ट’. आपल्याकडे सर्रास दिसणारं ‘स्ट्राँग बिल्ट’ मात्र व्याकरणात बसत नाही. ‘ऑफ स्ट्राँग बिल्ड’ म्हणा किंवा ‘स्ट्राँगली बिल्ट’ म्हणा, दोन्हींची खिचडी नको.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. इंग्रजी शब्दकोश उघडायच्या आधी मराठी शब्दाचीच चौकशी करते. हा शब्द नेमका कशाबद्दल बोलतोय? हाडाबद्दल, मांसाबद्दल, चरबीबद्दल, की उंचीबद्दल? नुसती आजची स्थिती सांगतोय, की आधी वेगळा होता आणि आता असा झाला हेही सांगतोय? बोलणाऱ्याच्या मनात माया आहे, कीव आहे, की टिंगल? आणि हा शब्द त्या माणसाच्या तोंडावर म्हणता येईल का? एवढं कळलं की दहा शब्दांतले सात आपोआप गळतात.

बारीकपणाच्या बाजूला शब्द सगळ्यांत जास्त फसवे आहेत, म्हणून तिथे थोडी थांबते.

थिन हा सगळ्यांत कोरा शब्द. आणि आपला नातेवाईकही: इंग्रजीतला थिन, लॅटिनमधला तेनुइस आणि संस्कृतमधला तनु एकाच मुळातून आले, ताणणे या अर्थाच्या. संस्कृतात तनु म्हणजे बारीकही आणि शरीरही, हे मला नेहमी मजेशीर वाटतं. पण थिन कोरा असला तरी निरोगी नाही. ‘शी लुक्स थिन’ म्हटलं की ऐकणाऱ्याला थोडी काळजी वाटते. कौतुक करायचं असेल तर स्लिम. स्लिमचा खानदानी इतिहास मात्र वाईट आहे. डच आणि जर्मन बाजूने तो आला तेव्हा अर्थ होता वाकडा, वाईट. जर्मनमध्ये श्लिम म्हणजे आजही वाईट, डचमध्ये स्लिम म्हणजे हुशार. इंग्रजीत त्याने अशी काही पुण्याई कमावली की आज जाहिरातवाले त्याच्याशिवाय पान हलवत नाहीत. ‘स्लिम’मध्ये थोडा प्रयत्नाचा वास आहे: ही बाई वजन सांभाळते.

स्लेंडरमध्ये प्रयत्न नाही, डौल आहे. मान, बोटं, मनगट यांना तो शोभतो. गंमत म्हणजे वस्तूंबाबत तोच शब्द तुटपुंजेपणा दाखवतो: स्लेंडर इन्कम म्हणजे जेमतेम मिळकत, स्लेंडर चान्स म्हणजे नावापुरती आशा. विलोई म्हणजे विलोच्या फांदीसारखी, ज्या झाडाच्या लाकडाची क्रिकेटची बॅट करतात ते विलो. लवचीक आणि उंच. इथे ‘उंच’ महत्त्वाचं, बुटक्या बाईला कोणी विलोई म्हणत नाही. म्हणून आजीची उंची आईला विचारून घ्या. उंच असेल आणि चालण्यात डौल असेल तर विलोई चालेल. आपल्या ‘शेलाटी’ला तो बऱ्यापैकी जवळ आहे. उंच नसेल तर स्लेंडर.

पण मी तुमच्या जागी असते तर शेंग सोडली नसती. ‘अॅज स्लेंडर अॅज अ यंग बीन पॉड’ असं लिहिलं असतं. स्लेंडर आधी आल्यामुळे वाचणाऱ्याला कौतुकाची दिशा कळते, यंग आणि पॉड यांनी शेंग कोवळी होते, आणि थट्टेतला स्ट्रिंग बीन जवळपास फिरकत नाही. उपमा परकी वाटेल, वाटू दे. आजी परकीच आहे त्या मुलांना, म्हणून तर तुम्ही हा खटाटोप करताय.

स्किनी या शब्दावर माझा विशेष राग आहे, कारण आपल्याकडे तो अलीकडे स्लिमच्या जागी वापरतात. स्किनी म्हणजे कातडंच कातडं. जीन्सला चालतो, कॉफीला चालतो, मैत्रिणी एकमेकींना हेव्याने म्हणतात तेव्हाही चालतो. पण कथेत एखाद्या मुलीला निवेदकाने स्किनी म्हटलं तर ती आपल्या ‘लुकडी’च्या घरात जाते. तुमचा आत्येभाऊ नुसता ‘किडकिडीत’ असता तर मी स्किनीच घेतला असता. स्क्रॉनी एक पायरी खाली: त्यात कीव आणि तुच्छता दोन्ही. मानेला आणि कोंबडीला तो हमखास लागतो, आपल्या ‘हडकुळ्या’सारखा. लँकीमध्ये उंची आतच आहे, त्यामुळे ‘टॉल लँकी’ म्हणजे पिवळा पीतांबर. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत लँकी हा शब्द वेगवान गोलंदाजासाठी राखीव असल्यासारखा आहे. श्रीनाथ झाला, इशांत शर्मा झाला, चेंडू टाकणारा सहा फुटांच्या वर गेला की लँकी. तसाच डिमिन्यूटिव्ह, म्हणजे लहान चणीचा, हा फलंदाजांना. गावसकर आणि तेंडुलकर, दोघेही साडेपाच फुटांच्या आतले, दोघांनाही परदेशी पत्रकारांनी तो चिकटवला. तो शब्द फक्त चण सांगतो, जाडी सांगत नाही. आडवा बुटका माणूसही डिमिन्यूटिव्ह असू शकतो.

लीनचं तर नशीबच पालटलं. मुळात तो भुकेचा शब्द. शेक्सपिअरच्या नाटकात सीझरला पुढे त्याच्याविरुद्ध कट करणाऱ्या कॅशियसची भीती वाटते ती तो ‘लीन अँड हंग्री’ दिसतो म्हणून. आपल्या आसपास जाडी माणसं असावीत असं सीझरला वाटतं, कारण ती रात्री झोपतात. आज जिममध्ये लीन म्हणजे बक्षीस: चरबी नाही, स्नायू आहेत. मटणाच्या दुकानात लीन मीट म्हणजे चरबी काढलेलं मांस, तिथून हा प्रवास झाला असावा असं मला वाटतं. आजीच्या काळातल्या माणसाला लीन म्हणायचं तर जपून, वाचणाऱ्याला डंबेल्स दिसतील.

आता ‘किडकिडीत पण काटक’. तुमच्या प्रश्नातला हा सगळ्यांत सोपा भाग, कारण काटकला इंग्रजीत चक्क जोडीदार आहे: वायरी. तारेसारखा, बारीक पण तुटणार नाही असा. या एका शब्दात किडकिडीत आणि काटक दोन्ही येतात, ‘पण’सुद्धा येतो. ‘स्किनी बट स्ट्राँग’ असं लिहून शब्द वाया घालवू नका.

याचा उलटा नमुना म्हणजे गांधीजी. इंग्रजी लेखनात त्यांना कितीदा ‘फ्रेल’ म्हटलंय त्याला गणती नाही. फ्रेल म्हणजे फुंकर मारली तर पडेल असा, म्हातारपण किंवा आजार यांनी पोखरलेला. १९३० साली साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चालत गेले तेव्हा हा माणूस साठ वर्षांचा होता, आणि चोवीस दिवस चालला. बरोबरचे बहुतेक जण त्यांच्यापेक्षा तरुण होते. उपोषणाच्या एकविसाव्या दिवशी फ्रेल म्हणा, हरकत नाही. दांडीच्या वाटेवर मात्र वायरी. लेखक फ्रेल लिहितो तेव्हा त्याने पंचा आणि फासळ्या बघितलेल्या असतात, पाय बघितलेले नसतात. आत्येभावाचं वर्णन करताना त्याने आयुष्यभर काय केलं ते आठवा. खतांची पोती उचलली असतील तर वायरी, आणि नुसताच वाऱ्याने हलत असेल तर आजीने काटक म्हटलंच नसतं.

बारीकपणाचे शेवटचे शब्द दुःखाचे. मराठीत आपण ते क्रियापदातून काढतो: वाळला, रोडावला, हडकला, खंगला. प्रत्येकात काळ आहे, म्हणजे आधी असा नव्हता. इंग्रजीत इमेशिएटेड म्हणजे उपासमारीने किंवा रोगाने मांस झडलेला. तो अहवालातला शब्द, दवाखान्यातला किंवा दुष्काळाच्या बातमीतला. गॉन्ट मुख्यतः चेहऱ्याचा: गाल बसलेले, डोळे खोल. हॅगर्ड त्याच्याजवळ बसतो पण तो बांध्याचा नाहीच. बहिरी ससाण्याच्या खेळात मोठेपणी पकडलेल्या, माणसाळायला कठीण अशा रानटी पक्ष्याला हॅगर्ड म्हणत, त्यावरून जागरणाने, काळजीने ओढलेला चेहरा. नाइट शिफ्ट करून आलेला पैलवानही हॅगर्ड दिसतो.

इथेच एक इशारा. वहीत संवाद असतीलच, आणि त्यात कोणी आत्या माहेरवाशिणीला म्हणणारच, ‘अगोबाई, किती वाळलीस गं!’ याचं ‘यू हॅव लॉस्ट वेट’ केलंत तर ऐकणारी ‘थँक यू’ म्हणेल. आजच्या इंग्रजीत ते कौतुक आहे. आत्याच्या तोंडी मात्र सासरच्यांवर ठेवलेला ठपका आहे. त्यामुळे विशेषण बदलून भागणार नाही, बोलण्याची चालच बदलायला हवी: ‘यू आर स्किन अँड बोन्स! डोन्ट दे फीड यू देअर?’ असं काहीतरी. उलट ‘लग्नानंतर अंगात भरली हो’ याला इंग्रजीत देखणी सोय आहे: ‘शी हॅज फिल्ड आउट.’ फिल आउट हे क्रियापद किडकिडीत पोरगी किंवा पोरगा भरल्यावर, समाधानानेच म्हणतात. ‘पुट ऑन वेट’ लिहिलंत की समाधान गेलं, वजनकाटा आला.

म्हणजे आता आपण जाडीकडे आलोच.

मावशी खात्यापित्या घरची. हा शब्दप्रयोग शरीरापेक्षा घराबद्दल जास्त बोलतो: दूधदुभतं आहे, कोठारात धान्य आहे, चिंता नाही. प्लम्प हा त्याला जवळचा. गोलसर, गुबगुबीत, बघून बरं वाटेल असा भरलेपणा. उशी प्लम्प असते, द्राक्ष प्लम्प असतं. आज एखाद्या बाईला तोंडावर प्लम्प म्हणाल तर ती रागावेल, पण जुन्या काळच्या गोष्टीत निवेदकाने म्हटलं तर त्यात ऊब उरते. घराची सुबत्ता मात्र प्लम्पमध्ये येत नाही, ती वेगळी घालावी लागते: ‘प्लम्प, लाइक एव्हरीवन इन अ हाउस व्हेअर द मिल्क नेव्हर रॅन शॉर्ट’. लांबलं, पण मावशी आली.

बक्समच्या वाटेला जाऊ नका. शब्दकोश ‘भरल्या अंगाची, सुदृढ’ सांगतील. मुळात या शब्दाचा अर्थ होता आज्ञाधारक, वाकणारी. मग आनंदी, मग गुटगुटीत, आणि आता तो जवळजवळ फक्त छातीबद्दल बोलतो. मावशी आज्ञाधारक असेलही, तरी नको.

‘हेल्दी’च्याही नको. हा आपल्या इंग्रजीतला सगळ्यांत मोठा खड्डा. मराठीत ‘तब्येत सुधारली’ म्हणजे जाड झाली, ‘तब्येतीने बऱ्या आहेत’ म्हणजे चांगल्याच जाड आहेत. तेच आपण इंग्रजीत ‘शी इज हेल्दी’ म्हणून नेतो आणि आपसांत सगळ्यांना कळतंही. एका ओळखीच्या घरातल्या मुलीचा बायोडेटा परदेशातल्या स्थळाकडे गेला, त्यात बांध्यासमोर हेल्दी आणि स्वभावासमोर होमली. तिकडे जन्मलेल्या मुलाच्या बहिणीने निरोप पाठवला: आधी काही मोठं आजारपण झालं होतं का? होमलीबद्दल तिने काही विचारलं नाही, ते तिच्या सभ्यपणाला शोभलं. अमेरिकन इंग्रजीत होमली म्हणजे दिसायला सामान्य, किंवा त्याहूनही कमी.

काकांकडे येते. ‘आडव्या अंगाचे’ यात चरबी असेलच असं नाही, रुंदी आहे. म्हणून फॅट, स्टाउट, ओव्हरवेट तिन्ही बाद. पुढचा निकाल उंची देते. काका ठेंगणे किंवा मध्यम असतील तर स्टॉकी. स्टॉक म्हणजे झाडाचा बुंधा, आणि शब्दात तो अजून दिसतो: आखूड, रुंद, जमिनीत रोवलेला. थिकसेट त्याचाच चुलतभाऊ, जरा जास्त वजनदार, उंचीबद्दल कमी आग्रही. स्क्वॉट आणि डम्पी हे दोन त्याच आकाराचे पण कुचकट शब्द, ते काकांच्या पोटी जन्मलेल्यांनी वाचू नयेत. काका उंच असतील तर बर्ली: मोठे खांदे, भारदस्त हात, ट्रकमधून उतरणारा माणूस. धिप्पाडला मी बहुधा बर्लीच घेते. स्ट्रॅपिंग मुख्यतः तरुण पोराला, आपल्या ‘उंचापुरा, धडधाकट’ गड्याला. पन्नाशीच्या काकांना तो नाही. आडदांडला मात्र मी कधी समाधानकारक शब्द देऊ शकलेले नाही, कारण आडदांडपणा अर्धा अंगात असतो आणि अर्धा वागण्यात. तिथे मी दोन शब्द वापरते आणि गप्प बसते.

काकांना पुढे पोट सुटलं असेल आणि गावात मान असेल तर पोर्टली. पोर्ट म्हणजे चालण्याबसण्याची ढब. मुळात पोर्टली म्हणजे रुबाबदार, आणि अजूनही त्यात कोटाची बटणं ताणलेला, हातात काठी असलेला वयस्क पुरुष दिसतो. बायकांना आणि पोरांना तो सहसा लागत नाही. सावकार, सरपंच, निवृत्त मामलेदार यांच्यासाठी उत्तम.

फॅट या शब्दाबद्दल थोडंच. शिवी म्हणून तो पूर्वीपासून आहे, पण अमेरिकेत १९६९ पासून जाड माणसांच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना आहे आणि त्या चळवळीतले लोक स्वतःला ठामपणे फॅट म्हणवून घेतात. आडपडदा नको, साधं विशेषण म्हणून वापरा, असं त्यांचं म्हणणं. तुमची भाची त्या वातावरणात वाढली असेल तर तिला फॅटपेक्षा ‘ओबीस’ जास्त झोंबेल. ओबीस हा डॉक्टरांचा शब्द, लॅटिनमध्ये ‘खाऊन खाऊन फुगलेला’ असा. त्याला आकड्यांची कुंपणं आहेत: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, ३० च्या पुढे, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी सुचवलेलं कुंपण अलीकडे, २५ वर. म्हणजे भारतात ओबीस ठरलेला माणूस विमानातून उतरला की नुसता ओव्हरवेट होतो. आजीच्या वहीत या शब्दांना काम नाही.

लहान मुलांचे शब्द वेगळे ठेवा. गुटगुटीत बाळाला चबी. हा शब्द चब नावाच्या आखूड, जाड माशावरून आला असं मानतात. मोठ्यांनाही तो लाडाने चालतो, पण बाळाच्या गालांवर त्याचा खरा हक्क. ‘बाळसं धरलं’ याचं विशेषण करू नका. इंग्रजीत बेबी फॅट आहे, पण ते जाण्याबद्दल जास्त बोललं जातं, येण्याबद्दल कमी. आपल्याकडे बाळसं ही कमाई, तिकडे ते वय वाढलं की गळून पडणारं ओझं.

व्यायामाचे शब्द तुम्ही विचारले नाहीत, पण वहीत तालीम येणारच असं धरून चालते. मस्क्युलर सपाट शब्द आहे, ब्रॉनीमध्ये ताकद आहे पण अक्कल कमी असल्याचा हलका वास येतो. कसलेल्या पण आटोपशीर शरीराला मला कॉम्पॅक्ट आवडतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या बँटमवेट या हलक्या वजनाच्या गटात कांस्यपदक मिळवलं. त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणत. त्या दोन शब्दांत लहान चण आणि दारूगोळा दोन्ही आहेत, एकही विशेषण न वापरता. एंडोमॉर्फ (गोलसर), एक्टोमॉर्फ (सडपातळ), मेसोमॉर्फ (पिळदार) हे शब्द जिमच्या पोरांकडून ऐकाल. ते शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास रूढ केले, आणि त्याचा दावा होता की बांध्यावरून स्वभाव ओळखता येतो. दावा शास्त्राने टाकून दिला, शब्द भिंतीवरच्या तक्त्यांत उरले.

‘ठेंगणी ठुसकी’ कुठे आली तर पेटीट लिहायचा मोह होईल. पेटीट म्हणजे बुटकी आणि बारीक. अमेरिकन कपड्यांच्या दुकानात साधारण पाच फूट चार इंचांच्या आतल्या बायकांचा विभाग त्याच नावाने असतो. आपली ठेंगणी ठुसकी बुटकी आहे पण ठसठशीत भरलेली आहे. पेटीट ‘लहान चणीच्या’ बाईला द्या. ठुसकीला ‘शॉर्ट अँड नाइसली राउंडेड’ यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

शब्दकोश कुठला वापरायचा हेही सांगते. मोठा, जाड कोश अर्थ सांगतो, नजर सांगत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेले कोश, ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्ससारखे, शब्दापुढे ‘अप्रूव्हिंग’ किंवा ‘डिसअप्रूव्हिंग’ अशी खूण करतात. बांध्याच्या शब्दांना ती खूण अर्थापेक्षा महत्त्वाची. मग तो शब्द कोणत्या नामाच्या शेजारी बसतो ते चार-पाच खऱ्या वाक्यांत बघा. स्क्रॉनीशेजारी कोंबडी, पोर्टलीशेजारी जंटलमन, स्ट्रॅपिंगशेजारी लॅड दिसले की शब्दाची संगत कळते. दोन विशेषणं एकत्र आली तर इंग्रजीत उंची आधी, बांधा नंतर: ‘अ शॉर्ट, स्टॉकी मॅन’. उलटं केलं तर कानाला खटकतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, टायफॉइडनंतरचे काका. गॉन्ट अर्थाने बरोबर आहे, तरी मी तो घालणार नाही. पहिल्या पानावर काकांना थिकसेट किंवा स्टॉकी करून ठेवा आणि जमलं तर तिथेच त्यांच्या खांद्यांवर ताणलेल्या सदऱ्याचा उल्लेख आजीने केलाय का ते शोधा, असेल तर अजिबात गाळू नका. मग इथे आजीचंच वाक्य जसंच्या तसं न्या: खुंटी, सदरा, तो तसाच उभा केलेला. सदऱ्याला शर्ट म्हणा किंवा सदराच ठेवा. आजीने त्या ओळीत एकही विशेषण वापरलेलं नाही, तुम्हीही वापरू नका.